ओलं असताना

टिटवाळ्यात उजाडता उजाडता गॅलरीतल्या दोऱ्या भरू लागतात. गाडी गाठायची असते, म्हणून धुणं आधी उरकलेलं असतं. टॉवेल, चादरी, शाळेचे गणवेश. त्यांत रेयॉनच्या दोन-चार कुर्त्या हमखास असतात.

कसाऱ्याहून भरून येणाऱ्या लोकलमध्ये उभं राहायचं तर रेयॉन बरं वाटतं. घाम टिपून घेतं. पॉलिस्टरसारखं कोंडत नाही. अंगावर झुळझुळीत पडतं, रंग खुलून दिसतो आणि खिशालाही फार जड जात नाही. तक्रारीही ठरलेल्या आहेत. ठाणं येईपर्यंत चुरगळतं. पहिल्याच धुण्यात आटतं. मशीनमधून काढावं तर शिवणीजवळ विरलेलं दिसतं. घालायला छान, धुवायला कटकट, असं बायका म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का?

कापूस आणि रेयॉन, दोन्ही मुळात सेल्युलोजच. तरी भिजल्यावर कापसाचा धागा थोडा अधिक बळकट होतो, आणि साध्या रेयॉनची जवळजवळ निम्मी ताकद जाते. कारण त्याच्या घडणीत आहे. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं. लगदा रसायनांत विरघळवतात, बारीक छिद्रांतून आम्लात सोडतात आणि त्याचा पुन्हा तंतू बांधतात. या सगळ्या प्रक्रियेत सेल्युलोजच्या मूळच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात, त्यांची घट्ट रचना सैलावते. सैल जागेत पाणी सहज शिरतं. म्हणून घाम चटकन टिपला जातो. म्हणूनच बादलीत तंतू फुगतो आणि दुबळा होतो.

एकच गोष्ट. अंगावर असताना तिला आपण गुण म्हणतो, मोरीत दोष म्हणतो. जो जास्त शोषून घेतो, त्याला भिजल्यावर जपावं लागतं.

या धाग्याची ओळख आपल्या भागाला जुनी आहे. टिटवाळ्याहून कल्याणकडे निघालं की आधी आंबिवली येतं, मग शहाड. आंबिवलीजवळ मोहने इथे नॅशनल रेयॉनचा, म्हणजे एनआरसीचा कारखाना होता. शहाडला १९५६ पासूनची सेंच्युरी रेयॉन. तिथला अखंड धागा साड्यांत आणि भरतकामात जातो. कुर्त्यांचं कापड बहुधा आखूड तंतूंच्या सुताचं असतं. जात मात्र एकच. या धाग्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुलं शिकली. लगदा विरघळवायला लागणारा कार्बन डायसल्फाइड मात्र श्वासातून सतत शरीरात गेला, तर माणसाच्या मज्जासंस्थेला घातक असतो. २००९ मध्ये एनआरसी बंद पडली आणि तिथल्या कामगारांची घरं अडचणीत आली. मऊ कापडामागची सगळी कहाणी मऊ नसते.

आपल्या हातात उरतं ते धुणं. त्याची रीत साधी आहे. थंड पाणी, सौम्य साबण, फार वेळ भिजवणं नको. ब्रश नको, आपटणं नको, पिळणं तर नकोच. टॉवेलमध्ये गुंडाळून हलकं दाबावं, पाणी टॉवेल ओढून घेतो. ओलं कापड हँगरवर टांगलं तर पाण्याच्या भारानं लांबतं, म्हणून उलटं करून सावलीत आडवं पसरावं. किंचित दमट असताना उलट बाजूनं मध्यम इस्त्री फिरवावी. एवढं केलं तर कुर्ती बरेच दिवस साथ देते.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाळल्यावर रेयॉनची ताकद बरीचशी परत येते. दुबळेपणा त्याचा स्वभाव नाही, ती ओलं असतानाची अवस्था आहे. तेवढा वेळ सांभाळलं तर पुढे ते रोजचं घालणं, बसणं, गर्दीत चेंगरणं सहन करतं. नुकसान होतं ते बहुधा मधल्या त्या थोड्या वेळात, आणि तेही घाईच्या हातांनी.

सकाळी आपल्याला घाई असते. घाईत सगळ्याला सारखाच पीळ बसतो. चादर तो सोसते. टॉवेलही सोसतो. सगळ्यांनी सोसावा, असं मग आपण धरून चालतो.

एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते. जे ओलं आहे त्याला आज पिळू नका. निथळू द्या, सावलीत वाळू द्या.