शत्रू करतो, म्हणून आपणही करावे काय?



वर्गात दोन मुले नक्कल करताना सापडली की एकाचे उत्तर ठरलेले असते, "गुरुजी, त्यानेही केली." हे उत्तर आपण मुलाकडून ऐकून घेत नाही. परंतु हेच उत्तर मोठी राष्ट्रे देतात तेव्हा आपण त्याला राष्ट्रीय सुरक्षा म्हणतो आणि मान डोलावतो. हे योग्य आहे काय, याचा विचार केला पाहिजे.

आज अमेरिका आणि चीन यांच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची शर्यत चालू आहे. यंत्राला बोलायला, चित्र ओळखायला, निर्णय सुचवायला शिकवावयाचे तर अतिशय शक्तिशाली चिपा लागतात. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने अशा चिपा आणि त्या घडविणारी यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. त्यांचा उपयोग चिनी लष्कर करील, हे कारण सांगितले. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियम या चिपांना लागणाऱ्या धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. एकाने दार लावले, म्हणून दुसऱ्याने खिडकी लावली.

हा अनुभव भारतालाही आहे. १९८०च्या दशकात आपल्या देशाने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. हवामानाच्या अंदाजासाठी कमी ताकदीचा मिळाला, तोही अटींवर. त्याहून मोठा नाकारला गेला, कारण त्यावर अण्वस्त्रांचीही गणिते करता येतात. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. ज्ञानाचे दार बंद करणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. म्हणून 'परम'चा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

पण येथेच थांबून चालणार नाही. नाकारणाऱ्याचे भय अगदीच खोटे होते काय? जे यंत्र पावसाचा अंदाज सांगते ते बॉम्बचेही गणित करते, हे खरेच आहे. तसेच शेजारी शस्त्रे परजीत असताना कोणत्याही देशाने हात बांधून बसावे, असेही कोणी म्हणणार नाही. दुर्बळ राहणे म्हणजे नीतिमान असणे नव्हे. तेव्हा प्रश्न तयारी करावी की करू नये, हा नाही. शत्रूकडे पाहून आपली तयारी किती असावी हे ठरविता येईल. आपण काय करणार नाही, हे मात्र शत्रूवर सोडता येत नाही. ते सोडले की आपली नीती त्याच्या हातात गेली.

शर्यतीत माणूस सर्वांत आधी काय टाकून देतो? थांबून पाहण्याची सवड. २६ सप्टेंबर १९८३ची रात्र आठवा. सोव्हिएत रशियाच्या संगणकाने इशारा दिला की अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडली आहेत. पहाऱ्यावर स्टानिस्लाव पेट्रोव्ह नावाचे अधिकारी होते. खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करील, असा विचार करून त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळविले. पुढे उघड झाले की ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला उपग्रहाने क्षेपणास्त्र समजले होते. यंत्राने नेमून दिलेले काम केले. शंका घेतली ती माणसाने. आता सांगतात की माणूस विचार करील तोवर शत्रूचे यंत्र वार करील, म्हणून निर्णयही यंत्राकडेच द्या. असे झाले तर शंका कोण घेणार? आणि निरपराध मेले तर जबाब कोणाला विचारणार? यंत्राला लाज नाही, पश्चात्ताप नाही.

शत्रूंमध्ये मर्यादा ठरूच शकत नाही, हेही खरे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी मान्य केले की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा. चिपांचे भांडण चालू असतानाच हे झाले.

आणि आपला देश? डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित संहारक शस्त्रांविषयीचा ठराव १५२ मतांनी संमत झाला. विरोधात चार मते पडली, त्यांत एक भारताचे होते. या विषयाची चर्चा जिनिव्हातील शस्त्रास्त्र कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. ती ऐकून घेण्यासारखी आहे. परंतु तेथे २०१४ पासून चर्चा होऊनही त्या मतदानापर्यंत बंधनकारक करार झालेला नव्हता, हेही विसरता येत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, हे दिल्लीतील मोठ्या लोकांचे काम आहे असे समजू नका. तुमचा मुलगा फौजेत जाईल, मुलगी संगणक शिकेल. उद्या ही यंत्रे त्यांच्याच हाताखाली चालतील. देशाने मागे राहावे असे त्यांना शिकवू नका. पण कोणी म्हणाले, "ते करतात, म्हणून आपणही करू," तर एक प्रश्न विचारायला जरूर शिकवा: चूक झाली तर जबाबदार माणूस कोण? ज्या कामाला असा माणूस दाखविता येत नाही, ते काम शत्रूने केले म्हणून करण्यायोग्य होत नाही.