पार्टी गरजू आहे

घरांच्या व्यवहारात एजंट मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं : "पार्टी गरजू आहे, अजून खाली येईल." तेजीत ते क्वचित कानी पडतं, मंदीत रोजचं होतं. आणि आयुष्याची पुंजी घेऊन घर शोधायला निघालेली आपल्यासारखी साधी नोकरदार माणसं ते ऐकून सुखावतात. दर पडलेत तर आता घर घ्यावं का, हा प्रश्न मला वाचक अनेकदा विचारतात. त्याचं उत्तर देताना मला या सुखावण्याबद्दलच बोलावंसं वाटतं.

२०२० सालचं आपलं शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, आठवून पाहा. नोटाबंदी आणि जीएसटीच्या धक्क्यांतून बांधकामाचा धंदा जेमतेम सावरत होता, तोच मार्चमध्ये टाळेबंदी लागली. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतली यंत्रं थांबली. कंत्राटी कामगारांचे पगार आधी गेले. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिलं, आणि ती मुभा ३१ ऑगस्टला संपली. घरखरेदीला चालना मिळावी म्हणून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली. ती लागू झाली १ सप्टेंबरला. रेपो दर चार टक्क्यांवर आलेला, गृहकर्ज सात टक्क्यांच्या आसपास. तीस लाखांच्या घरामागे नुसत्या मुद्रांक शुल्कात नव्वद हजार वाचत होते. ही सवलत कमी होण्याआधी, डिसेंबरात, राज्यभरातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांत झुंबड उडाली.

तारखा पुन्हा वाचा. एका रात्रीच्या अंतराने एकाची मुदत संपली आणि दुसऱ्याचा मुहूर्त उजाडला. मंदी म्हणतात ती हीच. स्वस्त घर आकाशातून पडत नाही. कुणाच्या तरी थकलेल्या हप्त्यातून ते बाजारात येतं.

म्हणून मंदीत घर घेणं पाप आहे का? मुळीच नाही. उलट अडलेल्या विकणाऱ्याला त्या वेळी सगळ्यात जास्त गरज असते ती गिऱ्हाइकाची. नव्वद दिवस हप्ते थकले की खातं बुडीत धरलं जातं, मग साठ दिवसांची नोटीस, मग जप्ती, आणि शेवटी वर्तमानपत्रात "जसे आहे तसे, जेथे आहे तेथे" अशी लिलावाची जाहिरात. त्याआधी कुणी सरळ व्यवहार केला, तर घर गेलं तरी माणसाची पत राहते. त्यामुळे प्रश्न घ्यावं की नाही एवढाच उरत नाही. कसं घ्यावं, हा खरा प्रश्न.

समजा, बजाजनगरातलं एक छोटं घर आहे. चालू भाव वीस लाख, बँकेची बाकी चौदा लाख. नोकरी गेलेला मालक अठरा लाख मागतो आहे. दोन लाख त्याने आधीच सोडलेत. घेणारा सोळा म्हणतो, एजंट मान डोलावतो. इथवर मी घासाघीस समजू शकतो. घेणाऱ्यालाही वीस वर्षं हप्ते भरायचे आहेत. पण नंतर जे घडतं ते मला अन्यायाचं वाटतं. एकावन्न हजार विसार देऊन घेणारा तीन महिने नुसता थांबतो. तेवढ्यात दुसरं घर मिळालं तर पाहायचं, नाही तर हा आणखी नमतोच! इकडे मालकाचे हप्ते साचत जातात, विसारपावती झाल्यामुळे दुसरं गिऱ्हाईकही त्याला पाहता येत नाही. शेवटी पंधरावर सौदा होतो. अडलेल्या माणसाला रकमेपेक्षा वेळ महाग असते आणि तिथेच त्याला पिळलं जातं. दहा हजार कमी द्या हवं तर, पण कबूल केलेल्या तारखेला खरेदीखत करा.

दुसरी पिळवणूक रोखीची. "एवढे चेकने, उरलेले वरून" हे आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही वाटेनासं झालंय. वास्तविक स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड बसतो घेणाऱ्या हाताला, म्हणजे त्या अडलेल्यालाच. भाव फार पाडून घेतला तर मात्र फटका खरेदीदारालाही बसतो : सौदा सरकारी रेडी रेकनर दराच्या दहा टक्क्यांहून अधिक खाली गेला, तर तो फरक त्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. या एका बाबतीत कायदा आणि विवेक एकाच बाजूला उभे आहेत, याचं मला समाधान वाटतं.

आता स्वतःकडे पाहा. स्वस्त मिळतंय म्हणून झेपेल त्यापेक्षा मोठं घर घेणारा माणूस पुढच्या मंदीतली "गरजू पार्टी" असतो. २०२० मध्ये सात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी पंचवीस लाखांचं कर्ज घेतलेल्याला साधारण १९,४०० रुपये हप्ता बसला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. तेवढीच वाढ कर्जावर आली आणि हप्ता तोच राहिला, तर त्यातले अठरा हजारांहून अधिक निव्वळ व्याजात जातात. मुद्दल जागच्या जागी! घर बघायला जाताना हे गणित घरातल्या सगळ्यांसमोर, बायकोमुलांसमोर मांडायला हवं, कारण हप्ता सगळं घर भरतं.

आणि नळाला पाणी येणार म्हणून सांगणाऱ्या आपल्या शहरातल्या जाहिरातींना भुलू नका. १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन त्याच डिसेंबर २०२० मध्ये झालं. पुढे काम रखडलं, खर्च २,७४० कोटींवर गेला. शहराच्या सातारा-देवळाई भागात घर घेणाऱ्याने टँकरचा खर्च हप्त्यात मिळवूनच हिशेब करावा. नोंदणीविना, नुसत्या बाँडवर मिळणारा गुंठेवारीतला वीस बाय तीसचा प्लॉट मंदीत आणखी स्वस्त होतो. त्याच्या वाटेला जाऊच नका.

तुमची नोकरी पक्की असेल, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील आणि त्या घरात स्वतः राहायचं असेल, तर मंदीत जरूर घर घ्या. फक्त विसार देण्याआधी समोरच्याला विचारा, बँकेची बाकी किती आहे. ती फेडून त्याच्या हातात पुढच्या भाड्याच्या घराची अनामतही उरत नसेल, तर तिथे भाव पाडणं थांबवा.