धाब्याचा कठडा

नियम मोडला, पण कोणाचेही नुकसान झाले नाही, मग त्यात दोष तो कसला? वसाहतींच्या आणि सोसायट्यांच्या सभांत हा प्रश्न पुष्कळदा ऐकू येतो. "दहा वर्षे माझी गाडी जिन्याखालीच उभी असते. आजवर काय बिघडले?" असे कोणी म्हणाले की सभेत शांतता पसरते, कारण झटकन उत्तर सुचत नाही. पण उत्तर आहे, आणि आपण ते शोधले पाहिजे.

प्रथम आपल्याच शहरात घडलेली गोष्ट पाहू. इंदूरच्या विजयनगर भागातील स्वर्णबाग कॉलनीत 7 मे 2022 रोजी पहाटेच्या अंधारात एका इमारतीला आग लागली आणि सात माणसे प्राणास मुकली. आरंभी विजेच्या बिघाडाची शंका होती. पुढे कॅमेऱ्यातील चित्रणावरून कळले की एका तरुणाने रागाच्या भरात खाली उभी असलेली दुचाकी पेटवून दिली होती. त्या गाडीची आग इतर गाड्यांनी घेतली व ती इमारतीत शिरली. झोपेतून दचकून उठलेल्यांनी ज्या जिन्याने खाली यावयाचे, तोच आग आणि धूर यांनी भरून गेला. पोलिसांनी त्या तरुणास पकडले, तसाच इमारतीच्या मालकावरही निष्काळजीपणाबद्दल गुन्हा नोंदवला. तेथे राहणाऱ्या दुर्दैवी लोकांना बोल लावण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आग कोठून शिरते आणि कोठे जाते, हे त्या रात्रीने आपणां सर्वांस दाखवून दिले आहे.

गाडीच्या टाकीत पेट्रोल असते. तिचे टायर व आसन पेटले म्हणजे दाट विषारी धूर निघतो. तापलेला धूर वर चढतो आणि चोहोबाजूंनी बंद असलेला जिना मग चुलीच्या धुराड्यासारखे काम करतो. अशा आगींत पुष्कळ माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून मरतात. जिन्याखाली विजेचे मीटर, त्यांना खेटून गाड्या, वरच्या वळणावर जुने कपाट, गच्चीच्या दाराला कुलूप आणि खिडक्यांना न उघडणारे गज! हे चित्र आपल्यापैकी किती जणांना अनोळखी आहे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही आगीचा आरंभ तळमजल्यावर, ट्रान्सफॉर्मरपाशी झाला. जवळच्या गाड्या पेटल्या आणि धूर वर बाल्कनीत गेला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी लोकांची एक वाट आधीच बंद केलेली होती. त्याच खुर्च्यांवर बसून त्यापूर्वी कित्येक वर्षे लोकांनी सुखाने चित्रपट पाहिले. त्या वर्षांत कोणी विचारले असते, तर "काय बिघडले?" हेच उत्तर मिळाले असते. मग दोष केव्हा घडला? आग लागली त्या दिवशी की वाट बंद केली त्या दिवशी? आम्हांला वाटते, वाट बंद केली त्याच दिवशी तो पुरा झाला होता. आगीने तो उघडा पाडला, एवढेच. ज्याच्या जिन्याला आग लागली नाही तो निर्दोष नाही. तो केवळ वाचला आहे. वाचणे आणि निर्दोष असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. त्या काळी धाब्यावर माणसांची ये-जा असे. पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. ह्या आज्ञेतील क्रम पाहा. कोणी पडल्यानंतर कठडा बांधा, असे ती सांगत नाही. घर बांधतानाच बांधा, असे सांगते. आणि हा कठडा घरधन्यापेक्षा पाहुण्याच्या अधिक उपयोगाचा. धन्याला आपल्या धाब्याची कड अंधारातही ठाऊक असते. शेजाऱ्यावरील प्रीती येथे विटाचुन्याची झाली आहे!

निर्गमाच्या 21 व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे मालकाला ठाऊक नसेल तर त्याचा दोष वेगळा धरला आहे. पण त्याला आधी ताकीद मिळालेली असून त्याने बैल आवरला नाही, तर त्याचा दोष फार जड होतो. स्वर्णबागेनंतर आपल्याला ताकीद मिळाली नाही, असे कोण म्हणू शकेल?

येथे कोणी म्हणेल, "आग तर दुसऱ्याने लावली; गाडी ठेवणारा दोषी कसा?" दोघांचा दोष सारखा नाही, हे खरे. पण सरण रचणारा आणि काडी ओढणारा यांत फरक असला तरी सरण रचणारा मोकळा सुटत नाही.

इंदूरच्या माणसाला नियम पाळता येत नाहीत, असेही नाही. 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे शहर पहिले आले, ते घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवल्यामुळे. मग तेच हात जिना मोकळा का ठेवत नाहीत? कारण कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणे वाजवीत दारात येते. आग रोज येत नाही. जो नियम रोज विचारणा करतो तो आपण पाळतो; जो मुका असतो तो मोडतो. आपला सद्विवेक खरा पारखला जातो तो ह्या मुक्या नियमांपाशी.

दुसरे कारण भिडेचे आहे. सोसायटीचा जो चिटणीस गाडी हलवायला सांगतो त्याला आपण भांडखोर ठरवतो आणि गप्प राहणाऱ्याला शेजारधर्म पाळणारा म्हणतो. पण चौथ्या मजल्यावर एखादी वृद्ध आजी राहते, तिचा शेजारधर्म कोणी पाळावयाचा? गोडीने, एकांतात, पण स्पष्ट बोलणे हीच अशा वेळी प्रीती होय.

तेव्हा ह्या आठवड्यात प्रत्येकाने आपला जिना तळापासून गच्चीपर्यंत चढून पाहावा. गच्चीचे दार आतून किल्लीवाचून उघडते काय? अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे काय? 101 ची गाडी फाटकातून आत येईल काय? शाब्बाथशाळेच्या शिक्षकांनी उपासनामंदिराचे बाजूचे दारही उघडून पाहावे. ते बाकांनी अडलेले असल्यास वर्गातील मुलांना घेऊन बाके हलवावीत. कठडा म्हणजे काय, हे त्या मुलांना मग निराळे समजावून सांगावे लागणार नाही.