परक्या भूमीतले स्तोत्र



१३७व्या स्तोत्रात हद्दपार झालेले इस्राएल लोक बाबिलोनच्या नदीकाठी रडत बसलेले आपल्याला दिसतात. परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे, हा त्यांचा प्रश्न आहे. विसाव्या शतकात तोच प्रश्न पोलिश कवी चेस्लाव मिलोश ह्यांच्या वाट्याला आला.

मिलोश ह्यांचा जन्म १९११ साली आजच्या लिथुएनियात, पोलिश भाषा बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते वॉर्सा शहरात होते. १९ एप्रिल १९४३ हा पवित्र सप्ताहातला सोमवार. त्या दिवशी भिंतीआड कोंडलेल्या ज्यू लोकांनी नाझी सैन्याविरुद्ध उठाव केला. नाझींनी ती वस्ती पेटवून दिली. भिंतीच्या अलीकडे मात्र जत्रेतला पाळणा फिरत होता. मिलोश ह्यांनी हे दृश्य त्याच वर्षी कवितेत मांडले. त्यांचा स्वतःचा देशही तेव्हा गुलामीत होता. ‘आमचेच दुःख आम्हांला पुरे आहे’, असे ते म्हणू शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत. ज्यू बांधवांना केलेल्या मदतीबद्दल याद वाशेम ह्या संस्थेने १९८९ साली त्यांचा आणि त्यांच्या भावाचा गौरव केला.

युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. १९५१ साली मिलोश ह्यांनी पॅरिसमध्ये आश्रय घेतला. १९६० पासून ते अमेरिकेत बर्कली येथे शिकवू लागले. मायदेशात त्यांच्या पुस्तकांवर बंदी होती, तरी कविता ते पोलिशमध्येच लिहीत राहिले. साठी उलटल्यावर ते हिब्रू शिकले आणि स्तोत्रे त्यांनी आपल्या मातृभाषेत आणली. १९७९ साली तो अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

१९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, १९७० च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांचे स्मारक ग्दान्स्क येथे उभे राहिले. २९व्या स्तोत्रातले शांतीच्या आशीर्वादाचे वचन मिलोश ह्यांच्या अनुवादात त्यावर कोरले गेले. ते स्वतः ३० वर्षांनंतर, १९८१ साली मायदेशी आले. त्यांच्या आधी त्यांची प्रार्थना घरी पोहोचली होती!

बंधुभगिनींनो, दुःख कधी आपले तोंड बंद करते, तर कधी कान. तोंड बंद झाले की प्रार्थना थांबते. कान बंद झाले की शेजाऱ्याचा आक्रोश ऐकू येत नाही. मिलोश ह्यांनी दोन्ही होऊ दिले नाही. आपल्यामध्येही घरदार सोडून आलेली माणसे आहेत, परदेशी गेलेली मुले आहेत, रिकामी झालेली घरे आहेत. आपले दुःख आपण आपल्याच भाषेत प्रभूसमोर मांडतो का? आणि आपला सण चालू असताना भिंतीपलीकडे कोण रडत आहे, हे आपण पाहतो का?

हे प्रभो, आमचे ओठ उघड आणि आमचे कानही उघडे ठेव. आमेन.