काल म्हणालास की!

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुत संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीसमोर शेकडो जण पंचरत्न कृती गायला बसतात. सगळेच पट्टीचे गवई नसतात. एकट्याने ओळ उचलायची तर एखादा अडखळेल, पण शेजारच्याच्या ओठांकडे बघत, त्याच्याबरोबर गेला की तीच ओळ त्याला साधते.

अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलाला बोलताना असाच सोबती लागतो. काय सांगायचे ते त्याला पक्के ठाऊक असते, ओठांत-जिभेत ताकदही असते. अडते ते मधल्या टप्प्यावर. कोणती हालचाल आधी, कोणती मागून, किती जोराने, याची आखणी मेंदूत नीट जुळत नाही. म्हणून सकाळी ‘पाणी’ स्वच्छ येते, दुपारी ‘बाणी’ आणि संध्याकाळी भलतेच काही. घरचे म्हणतात, ‘‘काल म्हणालास की! आता मुद्दाम करतोस.’’ पण हा काल-आजचा फरक हीच तर मोठी खूण! प्रत्येक ‘र’चा ‘ल’ करणाऱ्या मुलाची चूक ठरलेली असते, याची ठरत नाही. स्वरही वाकडे होतात, दोन अक्षरांमध्ये फट पडते, बोलण्याची लय सपाट किंवा विचित्र वाटते आणि शब्द लांबला की घसरण वाढते. काही मुले आवाज निघण्याआधी ओठांनी जागा चाचपडताना दिसतात.

स्पीच थेरपिस्ट मुलाला भराभर ‘प-त-क, प-त-क’ म्हणायला लावतात. ओठ, जिभेचे टोक, जिभेची मागची बाजू. नुसते ‘प-प-प’ जमणाऱ्या मुलाचीही इथे साखळी तुटू शकते. तिरुवैयारुच्या संगीत महाविद्यालयात मृदंग शिकणाऱ्याला ‘तकधिमि’ तोंडी घोटताना घाम का फुटतो, ते यावरून कळावे.

व्यंकोजींच्या काळापासून याच तंजावर भागात राहिलेल्या मराठी घरांत आत मराठी, दाराबाहेर तमिळ. अशा घरात मूल बोलेना की ठपका सहज दोन भाषांवर येतो. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे अ‍ॅप्रॅक्सिया होत नाही. आजीची भाषा तोडून काय मिळणार? आपल्याकडे मधातून वेखंड चाटवतात, त्यानेही ही आखणी जुळत नाही.

उपयोग होतो तो थोड्या शब्दांच्या, पण वारंवार केलेल्या सरावाचा. आधी थेरपिस्ट आणि मूल एकाच वेळी, सावकाश म्हणतात. मग थेरपिस्ट आवाज काढून घेतो, नुसते ओठ हलवतो. मग तेही थांबवतो. ‘‘बोल, बोल ना!’’ असा पाहुण्यांसमोरचा धोशा मात्र मुलाला आणखी गप्प करतो.

श्रवणाची तपासणी सगळ्यात आधी करावी. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था किंवा मुंबईची अली यावर जंग संस्था इथे या तपासण्या होतात. तिशीच्या आईबापांना ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे ऐकवणारे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी थांबू नये. तीन वर्षांच्या आत अ‍ॅप्रॅक्सियाचे नक्की निदान करणे अवघड, कारण पारखायला पुरेसे बोलणेच हाती नसते. पण उपचार तोवर अडून राहत नाहीत. खाणाखुणा आणि चित्रेही चालू द्यावीत, त्यांनी बोलणे मागे पडत नाही.