कमरेचे ओझे

टिकल्या उडवायचे पत्र्याचे पिस्तूल मला पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी सातएक वर्षांचा असेन. पिस्तूल मिळाले, पण ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. चड्डीच्या नाडीत खोचावे तर चार पावले टाकताच ते पुढे झुकायचे आणि चड्डी खाली यायची. एका हाताने चड्डी आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल सावरणाऱ्या वीराला पाहून शत्रुपक्षातली मुले पळण्याऐवजी हसतच सुटली. तेव्हा मी घरात गेलो आणि वडिलांच्या खुंटीवरचा पट्टा काढला.

वडील फौजदार होते. त्यांचा पट्टा तपकिरी, जाड चामड्याचा, चांगला चार बोटे रुंद. त्याला पितळी बक्कल आणि खांद्यावरून तिरपा जाणारा एक अरुंद बंद. तो माझ्या कमरेला दोन वेढे घेऊनही उरला. आई हसत होती, इतक्यात वडील आले. मार मिळणार अशी माझी खात्री होती. त्यांनी काही न बोलता बक्कल सोडले, पट्टा पुन्हा खुंटीला अडकवला आणि माझ्या चड्डीला सुतळीचा एक तुकडा बांधून दिला. एवढेच म्हणाले, "तुझ्या पिस्तुलाला सुतळी पुरे."

त्यांचा एक नेम होता. घरात पाऊल टाकले की प्रथम रिव्हॉल्वर काढून ट्रंकेत कुलपात ठेवायचे, मग पट्टा खुंटीला, मग हातपाय धुवायचे. तोवर आम्हा मुलांना जवळ यायला बंदी. आजीची समजूत अशी की, हा चामड्याचा विटाळ. पण वडील विटाळ मानणाऱ्यांतले नव्हते. मग हे काय होते, ते आम्ही कधी विचारले नाही, आणि त्या काळचे वडील आपण होऊन काही सांगत नसत.

या सगळ्याची आठवण व्हायला मला टेक्ससपर्यंत जावे लागले. माझा भाचा तिकडे ह्यूस्टनच्या बाहेर एक पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेले दुकान चालवतो. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते. एका रात्री दोघांनी त्याच्या कपाळाला पिस्तूल लावून गल्ला रिकामा केला. इजा झाली नाही. पण पुढे कित्येक दिवस दाराची घंटी वाजली की त्याचे हात थरथरत. त्यानंतर त्याने पिस्तूल घेतले. त्या राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या एकवीस वर्षांवरील माणसाला ते जवळ बाळगायला परवानाही लागत नाही. मी गेलो त्याच आठवड्यात तो म्हणाला, "मामा, पट्टा घ्यायचाय. तुम्ही चला. आजोबांचा पट्टा तुम्ही पाहिलेला आहे."

भाचेसून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला हे काही पसंत नव्हते. "मामा, तुम्ही तरी सांगा ना यांना," एवढे बोलून ती आत गेली. आता मी काय सांगणार? ज्याच्या कपाळाला नळी टेकली नाही त्याने, ज्याच्या टेकली त्याला शांततेचा उपदेश करावा, यासारखे सोपे काम नाही. आणि यासारखे ओशाळवाणेही नाही. मी चपला घातल्या आणि गेलो.

दुकानदार एक पिकल्या केसांचा, शांत गृहस्थ निघाला. त्याने प्रथम भाच्याच्या कमरेचा नेहमीचा पट्टा हातात घेतला, दोन्ही टोके धरून पिळला. तो ओल्या पंचासारखा पिळला गेला. मग त्याने आपल्याकडचा एक पट्टा तसाच पिळून दाखवला. तो ढिम्म हलेना. गाईच्या चामड्याचे दोन पदर एकावर एक चिकटवून कडेने टाके घातलेले, रुंदी दीड इंच, जाडी जवळजवळ पाव इंच. काहींत तर दोन पदरांच्या मधे पोलादाची पातळ पट्टीही घालतात. भरलेले पिस्तूल साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाएवढे भरते. हा नारळ एकाच अंगाला टांगायचा. मऊ पट्टा त्या जागी खचतो, होल्स्टर बाहेर कलंडते, आणि मग माणसाचा हात ते सावरायला सारखा कमरेकडे जातो. मला माझी चड्डी आठवली. मापही विजारीच्या नंबरावरून घ्यायचे नाही. रोजच्या पट्ट्याच्या बक्कलाच्या दुमडीपासून वापरातल्या भोकापर्यंत टेप धरायची, आणि नवा पट्टा असा घ्यायचा की तेच अंतर पाच भोकांतल्या मधल्या भोकावर यावे. जेवणापूर्वीची आणि जेवणानंतरची कंबर एक नसते, हे तिकडेही ठाऊक आहे.

शेवटी त्या गृहस्थाने जे सांगितले ते माझ्या मनात रुतून बसले. तो म्हणाला, "चांगला पट्टा बांधलात तर दुपारपर्यंत कमरेला काही आहे हे तुम्ही विसरून जाल."

मी परत येताना गाडीत गप्प होतो. दुकानदार खोटे बोलत नव्हता. ओझे नीट बांधले की जाणवत नाही. हमालाच्या चुंबळीपासून मुलाला कडेवर घेणाऱ्या आईपर्यंत हे खरेच आहे. पण प्रत्येक ओझे न जाणवावे, असे म्हणता येईल काय? एखाद्याचा जीव घेण्याची शक्ती कमरेला बांधली आहे आणि दुपारपर्यंत ती आठवतही नाही, यात सोय पट्ट्याची झाली की मनाची?

उलट बाजूही मी स्वतःशी मांडून पाहिली. ढिला पट्टा घेऊन काय साधणार? हत्यार गर्दीत निसटून पडेल, नाहीतर हात वारंवार तिकडे जाईल. आणि जो हात सारखा हत्यारापाशी जातो तो एखाद्या वेळी नको तेव्हाही जातो. तेव्हा बाळगायचेच असेल तर पट्टा मजबूत हवा, हे इतरांच्याही हिताचे. म्हणजे लोकांच्या सुरक्षिततेसाठी ओझे घट्ट हवे आणि आपल्या सदसद्विवेकासाठी ते टोचायला हवे! आपल्या मराठीत पट्टा म्हणजे कमरेचा बंद आणि पट्टा म्हणजे एक हत्यारही. दांडपट्टा खेळणाऱ्याला मात्र ते विसरण्याची सोय नव्हती, कारण त्याचा हातच कोपरापर्यंत त्यात अडकलेला असे.

आणि हा प्रश्न केवळ तिकडचा नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले, याची आपल्या पुढाऱ्यांना केवढी चीड होती! अहिंसेच्या पुजाऱ्याने, खुद्द गांधीजींनी, तो कायदा राज्यकर्त्यांच्या काळ्यात काळ्या कृत्यांत गणला. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. पण स्वराज्य आल्यावर, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामथ यांनी घटना समितीत तोच हक्क मागितला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि तो नामंजूर झाला. सभेस जमण्याचे स्वातंत्र्य आपल्याला मिळाले, तेही शांततेने आणि शस्त्रांविना. मौज अशी की, ज्या टेक्ससला आपण सिनेमातल्या पिस्तूलबाजांचे माहेर समजतो, तिथेही १८७१ पासून १९९५ पर्यंत सामान्य नागरिकाला कमरेला पिस्तूल लावून हिंडायला कायद्याने मनाई होती. मांडीपर्यंत लोंबणारा तो सुप्रसिद्ध पट्टा बराचसा सिनेमावाल्यांचाच. वडिलांच्या तिरप्या बंदाच्या पट्ट्याचे मूळ मात्र आपल्याच भूमीत आहे. १८५८ साली पिलिभितजवळच्या लढाईत सॅम ब्राउन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. तलवारीचे म्यान सावरायला हात उरला नाही म्हणून त्याने तो बंद खांद्यावरून घेतला. एका तुटलेल्या हाताची ती तजवीज पुढे जगभरच्या गणवेशांचा रुबाब झाली.

भाच्याने दोन पदरी, पोलादाच्या पट्टीवाचूनचा पट्टा घेतला. निवड माझी. घरात त्याने लहानशी पोलादी तिजोरी बसवली होती. आल्याबरोबर पिस्तूल तिथे ठेवायचे, हे त्याने बायकोला वचन दिले होते, आणि मी होतो तोवर एक दिवस सोडला तर ते पाळलेही.

तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. दुकान आटोपून यायला त्याला उशीर झाला. पाट मांडलेले, समया लावलेल्या, त्याची चार वर्षांची मुलगी नवे परकर-पोलके घालून दाराशी वाट पाहत बसलेली. तो आत येताच ती धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. तिचे डोके बरोबर तेवढ्याच उंचीवर येत होते. त्याने तिला उचलून घेतले, दोन गोल फिरवले, खाली ठेवले आणि तसाच पुढे येऊन पाटावर मांडी घालून बसला. त्याला आठवण नव्हती. पट्टा खरोखरच चांगला निघाला होता.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मांडी घातल्याने तो जाड पट्टा त्याच्या पोटाशी आणि कुशीत रुतला असावा. त्याने चमकून खाली पाहिले, मग मुलीकडे, मग माझ्याकडे. तो उठला. "आता काय राहिलं?" असे बायकोने विचारले, त्याला त्याने उत्तर दिले नाही. आतल्या खोलीत तिजोरीचे दार लागल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नळाच्या पाण्याचा. तो बाहेर आला तेव्हा त्याचे पाय ओले होते. त्याने मुलीला मांडीवर घेतले आणि आम्ही पूजेला सुरुवात केली.