आरशाची ऊब

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांकडून मी सहा इंची आरशाची जुनी दुर्बीण विकत घेतली. पहिल्याच रात्री ती घरातून अंगणात आणली आणि शनीवर रोखली. उकळत्या पाण्याच्या तळाशी नाणे थरथरावे, तसा तो दिसला. आरशावर धूळही होती. 'फसवले आपल्याला!' मी मनाशी निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी चार परिचितांना तो ऐकवलाही.

संध्याकाळी आरसा पुसायला रुमाल काढला, तेव्हा एका जाणत्या स्नेह्यांनी हात धरला. "धूळ असू द्या. तिने फारसे बिघडत नाही. पुसाल तर मुलाम्यावर ओरखडे पडतील. ते मात्र जायचे नाहीत." त्यांनी स्क्रू फिरवून दोन्ही आरसे एका रेषेत आणले आणि दुर्बीण तासभर उघड्यावर ठेवली. घरची ऊब आरशात असेपर्यंत त्यावरची हवा हलत राहते, म्हणाले. मग पाहिले. गोल वेगळा, कडे वेगळे!

१६१० साली गॅलिलिओला शनी तीन गोळ्यांचा दिसला; ते कडे आहे हे हायगेन्सने १६५९ मध्ये उलगडून सांगितले. गॅलिलिओला त्याची दुर्बीण नडली. मला माझी घाई नडली.

पण चूक कळली की माणूस तिच्यातून सुटतो का? आरसा तासाभरात निवला. एका सज्जनाच्या नावावर मात्र मी रुमाल फिरवून बसलो होतो. चौघांपैकी तिघांना मी खरे काय ते सांगितले. चौथे तोवर बदली होऊन गेले होते. त्यांच्या लेखी ते गृहस्थ आजही लबाडच आहेत.